प्रश्न दुसऱ्या खेपेचा



बारामतीच्या एसटी स्थानकावर सकाळच्या गाड्यांनी उतरणाऱ्या माणसांत काही जण असे असतात, की कोणत्या दवाखान्यात निघालात असे विचारले तर ते उत्तर द्यायचे टाळतात. ‘जरा काम होतं’ एवढे म्हणून पुढे चालू लागतात. बरोबर घरातला एखादा तरणा मुलगा असतो, नाहीतर पदर पुढे ओढून घेतलेली सून असते आणि तिचा हात सासूने घट्ट धरलेला असतो. मूळव्याधीच्या डॉक्टरचा पत्ता माणसे भर रस्त्यात विचारतात. मनोविकारतज्ज्ञाचा पत्ता मात्र हलक्या आवाजात विचारला जातो. म्हणून तालुक्याच्या गावी दवाखाना थाटणारा हा डॉक्टर पुष्कळदा पाटीवर ‘मेंदू’ किंवा ‘मज्जातंतू’ हा शब्द आधी लिहितो आणि ‘मनोविकार’ हा शब्द नंतर. येणाऱ्यांची लाज झाकावी म्हणून केलेली ही सोय असते. जी सोय डॉक्टरला करावी लागते, तिच्यामागे समाजाची कोणती स्थिती आहे, याचा विचार सार्वजनिक काम करणाऱ्यांनी करावयास हवा.

या डॉक्टरच्या कामाविषयी दोन समज रूढ आहेत. खेड्यातील माणसे अंधश्रद्धाळू असल्यामुळे त्याच्याकडे येतच नाहीत, हा एक. मानसिक आजार हे सुखवस्तू शहरवासीयांचे चोचले आहेत, खेड्यात अशा डॉक्टरचे काम ते काय, हा दुसरा. दोन्ही समज वस्तुस्थितीला धरून नाहीत. पुष्कळ रुग्ण डॉक्टरपर्यंत पोचत नाहीत हे खरे. परंतु जे येतात ते कर्ज काढून, दागिना मोडून, चार उंबरे झिजवून का होईना, एकदा येतात. औषध लिहून घेतात, पहिल्या महिन्यात गुणही येतो आणि त्यानंतर त्यांच्यातले कितीतरी पुन्हा दिसत नाहीत. ग्रामीण मनोविकारतज्ज्ञाच्या कामाची खरी अडचण रुग्ण पहिल्यांदा येण्यात जेवढी आहे, त्याहून अधिक तो दुसऱ्यांदा येण्यात आहे. सगळा प्रश्न या दुसऱ्या खेपेचा आहे.

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार दोहोंची मिळून लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने, वालचंदनगरची जुनी उद्योगनगरी आणि बारामतीची औद्योगिक वसाहत यांमुळे हा मुलूख ‘सुधारलेला’ म्हणून ओळखला जातो. परंतु त्याच बारामती तालुक्यात सुपे-मोरगावच्या बाजूचा जिरायत पट्टा आहे. त्याच इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या पाण्याखाली जमिनी गेलेली कुटुंबे आहेत. मेंढरे घेऊन रानोमाळ फिरणारे धनगर आहेत आणि हंगामात उसाच्या फडाशेजारी कोप्या टाकून राहणारे ऊसतोड मजूर आहेत. विकासाच्या नकाशावर बागायत आणि जिरायत अशी जी रेघ दिसते, तीच रेघ या डॉक्टरच्या बाकावर बसलेल्या माणसांतूनही गेलेली असते. बागायतदाराचा मुलगा आजारी पडला तर गाडी काढून पुणे गाठता येते. शेतमजुराच्या मुलाला बारामतीच दूर असते.

आकड्यांचा हिशेब मांडला तर चित्र अधिक स्पष्ट होते. २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तरी त्यातून मिळालेले देशाचे प्रमाण मार्गदर्शक आहे. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के इतके होते. हेच प्रमाण या दोन तालुक्यांना लावले तर आजारी प्रौढांची संख्या पन्नास हजारांच्या पुढे जाते. देशात लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञ पाऊण, म्हणजे ०.७५. त्या हिशेबाने आठ लाखांच्या वाट्याला सहा येतात. तेही समान वाटणी झाली तर. आणि समान वाटणी या देशात कशाचीच होत नाही.

मग असा डॉक्टर दिवसभर करतो काय? त्याच्याकडे येणारा रुग्ण ‘मला नैराश्य आले आहे’ असे सांगत नाही. डोकं जड पडतं, हातापायांची आग होते, अंगाला मुंग्या येतात, छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो, कशातच करमत नाही, असे सांगतो. या तक्रारी घेऊन तो आधी गावातल्या डॉक्टरकडे गेलेला असतो. तेथे सलाईन लावलेले असते, शक्तीची इंजेक्शने झालेली असतात, छातीचे आलेख काढलेले असतात. त्या कागदांची पिशवी टेबलावर रिकामी होते आणि तिच्यातून दुखणे शोधायचे असते. दुसरा रुग्ण फेफऱ्याचा असतो, कारण मेंदूविकारतज्ज्ञ याहूनही दूर. तिसरा दारू सुटावी म्हणून घरच्यांनी आणलेला. चौथ्याच्या कानात कोणीतरी सतत बोलत असते आणि शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत अशी त्याची खात्री झालेली असते. समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता ही सगळी माणसे शहरात निरनिराळी असतात. येथे बहुतेक वेळा ती सारी कामे एकट्या डॉक्टरच्याच गळ्यात पडतात, आणि बाहेरच्या बाकावर गर्दी वाढत असते.

संध्याकाळी इस्पितळातून बोलावणे येते. कोणीतरी पिकावर फवारायचे औषध प्यालेले असते. त्याचा जीव वाचवण्याचे काम अतिदक्षता विभागातील डॉक्टरांनी केलेले असते. परंतु तो पुन्हा त्या वाटेला जाऊ नये यासाठी त्याच्याशी, त्याच्या घरच्यांशी बोलणे हे काम उरलेले असते. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सर्व राज्यांत सर्वाधिक. पूर्वी असा वाचलेला माणूस कायद्याने गुन्हेगार ठरे, म्हणून घरचे ‘चुकून प्यायला’ असे सांगत आणि उपचार तिथेच संपत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेतून वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर तो जुना सरसकट गुन्हा उरलेलाच नाही. कायदा बदलला, पण पोलिसांची भीती अजून गेलेली नाही. ‘चुकून प्यायला’ हे उत्तर आजही ऐकू येते.

आता एक घर डोळ्यांसमोर आणावे. असे घर दोन्ही तालुक्यांत कुठेही सापडेल. दोन-अडीच एकर जिरायत, एक म्हैस, आई-बाप आणि कंपनीत कंत्राटी कामावर जाणारा बावीस वर्षांचा मुलगा. मुलाची झोप उडते, तो एकटाच बोलू लागतो, कामावर जाणे बंद होते. ‘बाहेरचं असेल’ म्हणून देवऋषी होतो, गंडेदोरे होतात, उतारे होतात. सहा महिन्यांनी कोणीतरी डॉक्टरचे नाव सुचवतो. गोळ्या सुरू होतात. पाच-सहा आठवड्यांत मुलगा झोपू लागतो, जेवू लागतो, म्हशीची धार काढतो. आईला वाटते, देव पावला. आणि येथेच घात होतो. मुलगा सुधारला आहे, मग आता गोळ्या कशाला? शेजारी सांगतो, या गोळ्यांची सवय लागते. मुलालाही गोळीने सुस्ती येते, तोंडाला कोरड पडते, हात थरथरतो. त्याला त्या नकोच असतात. गोळ्या थांबतात. काही महिन्यांत आजार उलटतो, पहिल्यापेक्षा जोराने. आणि घरचे म्हणतात, त्या डॉक्टरच्या औषधाने काही गुण आला नाही. पुढची पायरी गोठ्यातल्या साखळीची असते.

छिन्नमनस्कतेसारख्या आजारात लक्षणे शमल्यानंतरही औषध दीर्घकाळ, कित्येकदा वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते, ही वैद्यकशास्त्रातली प्राथमिक गोष्ट आहे. मधुमेहाच्या बाबतीत हे आता खेड्यातही समजते. मनाच्या बाबतीत समजत नाही, कारण तशी समजूत देणारे कोणी नाही. परंतु सगळा दोष अज्ञानाच्या माथी मारणे हे सुशिक्षितांचे सोयीचे तत्त्वज्ञान आहे. दुसऱ्या खेपेचा खर्च मांडून पाहावा. रुग्ण एकटा येऊ शकत नाही, म्हणजे दोन माणसांचे तिकीट आणि दोन माणसांचा बुडालेला रोज. वस्तीवरून फाट्यापर्यंत पायपीट, फाट्यावर गाडीची वाट, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दुपार, आणि परतीची शेवटची गाडी चुकली तर स्थानकावर रात्र. वर औषधाचे पैसे. हे दर महिन्याला. पहिल्या खेपेला घर धास्तावलेले असते, म्हणून दागिना मोडला जातो. दुसऱ्या खेपेपर्यंत मुलगा सुधारलेला असतो, आणि सुधारलेल्या मुलासाठी दागिना कोणी मोडत नाही. यात अंधश्रद्धा कुठे आहे? हा गरिबाचा शुद्ध व्यवहार आहे.

ऊसतोड मजुराची गोष्ट आणखी वेगळी. बीड-अहिल्यानगरकडून मुकादमाची उचल घेऊन आलेले जोडपे ऑक्टोबर-नोव्हेंबरात फडावर येते आणि गाळप संपले की परत जाते. त्यांच्यातल्या एखाद्याला उन्मादाच्या आजारासाठी लिथियम सुरू केले, तर मधूनमधून रक्ताची तपासणी करून औषधाचे प्रमाण पाहावे लागते. कारण घाम फार गेला, अंगातले पाणी कमी झाले, की रक्तातील लिथियम वाढून ते विषासारखे बाधू शकते. आणि हा माणूस तर भर उन्हात ऊस तोडणारा! डॉक्टरने योग्य तेच औषध लिहावे आणि रुग्णाच्या जगण्याने ते धोक्याचे ठरवावे, असा हा पेच आहे. हंगाम संपल्यावर त्याचे कागद त्याच्या गावच्या आरोग्य केंद्रात पोचवण्याची खात्रीची व्यवस्था नसेल, तर एप्रिलमध्ये उपचार तुटतो. विषमता कामगाराच्या रक्तातही मोजता येते, ती अशी.

स्त्रियांच्या बाबतीत दुसरी खेप आणखी अवघड. बाळंतपणानंतर मन बिघडलेली सून माहेरी पोचवली जाते. ‘बरी झाली की आणू’ म्हणतात आणि आणत नाहीत. मुलीचा आजार लपवून लग्न होते, ‘लग्न झालं की सुधारेल’ या भरवशावर. आणि सासरी कळू नये म्हणून हळद लागण्याआधी गोळ्या बंद होतात. म्हणजे ज्या काळात औषधाची सर्वांत अधिक गरज, त्याच काळात ते तुटते. पुरुष आजारी पडला तर बायको त्याला घेऊन दवाखान्यात येते. बायको आजारी पडली तर तिला कोण घेऊन येईल, हा प्रश्न ज्या घरात सुटतो तेथेच तिची दुसरी खेप होते.

देवऋषाशी या डॉक्टरचे वागणे कसे असावे, याविषयी कार्यकर्त्यांत मतभेद असतात. अनुभवी डॉक्टर रुग्णाच्या देवाशी तपासणीच्या खोलीत भांडण मांडत नाही. देवाचे करायचे ते करा, पण गोळी एक दिवसही चुकवू नका, असे तो सांगतो. रुग्ण आपल्यापासून तुटू नये, यासाठीचे हे धोरण आहे. परंतु भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे येथे ही समजूतदारपणाची मर्यादा संपते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत काढण्याच्या मिषाने माणसाला दोराने वा साखळीने बांधून मारहाण करणे हा त्याखाली गुन्हा आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आले नाही. २८ जण गेले. गोठ्यातली साखळी पाहताना एरवाडीची आठवण ठेवली पाहिजे.

शासनाने या प्रश्नाकडे कसे पाहिले? १९१२ चा कायदा वेड्यांचा कायदा होता. बंदोबस्त हा त्याचा आत्मा. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार मोठी मनोरुग्णालये उभी राहिली आणि खेड्यातल्या रुग्णासाठी ‘येरवडा’ हा शब्द शिवीसारखा झाला. रुग्णाला गावापासून उचलून भिंतीआड ठेवायचे, हाच उपचार. १९७५ च्या सुमारास चंडीगडजवळ रायपूर राणी येथे आणि बंगळूरजवळ साकलवाडा येथे झालेल्या प्रयोगांनी वेगळा मार्ग दाखवला. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर व कर्मचारी यांना थोडे प्रशिक्षण दिले तर पुष्कळ मानसिक आजारांवर गावाजवळच उपचार होऊ शकतात, हा तो मार्ग. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यातून आला, बळ्ळारी जिल्ह्यातील प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ साली जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. कल्पना उत्तम होती. परंतु एका जिल्ह्याला एक छोटे पथक, आणि पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ सालीच ९४ लाखांवर! जिल्हा रुग्णालय औंधला. तेथून इंदापूरच्या टोकाचे गाव सुमारे दीडशे किलोमीटर. २०१९ साली बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, हे मोठे पाऊल खरे. तरीही वस्ती ते बारामती हे अंतर रुग्णाला दर महिन्याला तोडावेच लागते.

या ठिकाणी एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे; तो आपल्याच विचारांच्या मित्रांकडून येतो. शेतकऱ्याचे दुःख कर्जाचे आहे, हमीभावाचे आहे. त्यावर गोळी देणे म्हणजे व्यवस्थेचा रोग व्यक्तीच्या डोक्यात ढकलणे होय, असे ते म्हणतात. या आक्षेपात सत्याचा अंश निश्चित आहे. विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत २०१५ साली शासनाने शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. परंतु आक्षेप येथे संपत नाही, त्याला दुसरी बाजू आहे. आजार हाही कर्जाचे कारण असतो. देवऋषी, सलाईन, खासगी इस्पितळ, बुडालेला रोज यांत अडीच एकराचे दीड एकर होतात. समाजव्यवस्था बदलेपर्यंत कानात आवाज ऐकणाऱ्या मुलाने थांबावे, असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? क्षयरोग दारिद्र्याचा रोग आहे म्हणून क्षयाचे औषध कोणी नाकारीत नाही. भाकरी आणि औषध या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत. त्या एकाच माणसाच्या आहेत.

आणि गावातल्या माणसांच्या साहाय्याने हे काम होऊ शकते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन एक उपक्रम राबवला गेला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मनोविकारतज्ज्ञांची फौज तेथे उतरलेली नव्हती. गावातला ओळखीचा माणूस घरी जात होता, विचारपूस करीत होता, गरज दिसेल तेथे डॉक्टरकडे पाठवीत होता. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम केलेल्या डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथेही रुग्ण बाहेर पडल्यानंतरचा पाठपुरावा आणि त्याच्या पत्नीला दिलेला आधार यांना उपचाराइतकेच मोल दिले गेले. अनुभव सर्वत्र एकच सांगतो: उपचार चिठ्ठीने सुरू होतो आणि सोबतीने टिकतो.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. २०१७ च्या कायद्याच्या अठराव्या कलमाने मानसिक आरोग्यसेवा हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. अत्यावश्यक यादीतील मानसिक आजारांची औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व शासकीय रुग्णालयांत सर्वकाळ आणि मोफत उपलब्ध असली पाहिजेत, असे त्यात नमूद आहे. महाराष्ट्रात या पातळीवरची संस्था म्हणजे ग्रामीण रुग्णालय. म्हणजे दुसऱ्या खेपेची गोळी बारामती-पुण्याला नव्हे, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मिळणे हा कायद्याने दिलेला अधिकार आहे. तेथे जाऊन औषधांच्या कपाटात ती गोळी या महिन्यात आहे काय आणि पुढच्या महिन्यात असेल काय, हे विचारावे. नसेल तर लेखी मागणी करावी आणि पंचायत समितीत प्रश्न उपस्थित करावा. मनोविकारतज्ज्ञाने ठरलेल्या दिवशी तालुक्यातील रुग्णालयांत यावे, यासाठी आग्रह धरावा. ऊसतोड मजुराबरोबर त्याच्या उपचाराचे कार्ड जावे, ही मागणी मजुरांच्या संघटनांनी इतर मागण्यांच्या बरोबरीने कारखान्यांपुढे ठेवावी. दीर्घ मनोरुग्णाला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळू शकते. ते काढून देण्यासाठी हेलपाटे घालावेत. रात्री-अपरात्री कोणाचा जीव कासावीस झाला तर १४४१६ हा शासनाचा मोफत दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून चालू आहे, तो गावागावांतल्या भिंतींवर लिहावा.

या कामांत निवडणूक जिंकण्यासारखे काही नाही. परंतु शेतकऱ्याने जीव दिला की पुढारी आणि कार्यकर्ते त्याच्या घरी सांत्वनाला एकदा जातात, चहा घेतात, निवेदन काढतात आणि परततात. ते घर पुढे कसे राहिले, मागे राहिलेली बाई झोपते काय, मोठा मुलगा कोणाशी बोलतो काय, हे पाहायला महिन्याने कोण जातो? डॉक्टरकडे रुग्ण दुसऱ्यांदा जात नाही, ही तक्रार करण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या अशा घरांची आठवण करावी आणि तेथे दुसऱ्यांदा जावे.